साळुबाईचा हात

साळुबाईच्या हाताबद्दल आमच्या वस्तीवर कुणालाही विचारा. तिचं आडनाव सांगायला माणूस जरा थांबेल, हात मात्र लगेच सांगेल. उजवा हात. मनगट इतकं बारीक की शाळेतल्या पोरीच्या बांगड्या तिला ढिल्या होतात. पासष्टीची बाई, उंची साडेचार फूट, बोलायला एक नंबरची खवट. गाईच्या घशात काही अडकलं, म्हैस अडली, व्याल्यावर वार पडेना, की पिंपळवंडीच्या आसपासच्या पाच-सहा गावांतून तिला बोलावणं येतं. कुणी मोटरसायकल पाठवतं, कुणी पिकअप. ती मागं बसते, पदर कानामागून घट्ट खोचते आणि चालवणाऱ्याला म्हणते, "हळू चालीव राव, जनावर वाचवायला चाललोय, आपून मरायला न्हाई."

मी रत्ना, त्याच वस्तीची आशा. म्हणजे सरकारी दवाखाना आणि गाव यांच्यामध्ये रोज चपला झिजवणारी बाई. कोण गरोदर, कुठल्या बाळाचा डोस राहिला, कुणाच्या टाकीत डासांच्या अळ्या, कुणाला खोकला किती दिवस, सगळं माझ्या वहीत. अकरा वर्षं झाली. मी तापट आहे हे आधीच सांगते. या गोष्टीत माझ्या तापटपणाचा वाटा आहे आणि तो झाकून सांगायचं असेल तर सांगूच नये.

साळुबाईच्या हाताला हे काम लागलं ते लग्नानंतर आठव्या दिवशी. सासऱ्याच्या गाईनं आंब्याची कोय गिळली होती. सासऱ्याचा हात फावड्यासारखा, जबड्यात मावेना. त्यानं नव्या सुनेला हाक मारली आणि म्हणाला, बांगड्या काढ. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि सून बांगड्या काढते म्हटल्यावर सासूनं डोकं आपटून घेतलं. हिनं बांगड्या काढल्या, सासूच्याच ओंजळीत ठेवल्या, हात घशात घातला आणि कोय बाहेर काढली. तेव्हापासून रीत तीच. काम करायच्या आधी बांगड्या काढायच्या आणि त्या घरच्या बाईच्या हातात द्यायच्या. "धर. फोडशील तर बघ," एवढंच म्हणायचं. मोबदला म्हणून बिनसाखरेचा चहा.

मी तिला दवाखान्यातले हातमोजे दोनदा नेऊन दिले. पहिल्या जोडीत तिनं मिरचीचं बी भरून ठेवलं. दुसरी जोडी मी समोर उभं राहून घालायला लावली, तर दोन मिनिटांत काढून माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, "बोटांना डोळं असत्यात गं. डोळ्यावर पिशवी बांधून कोण काम करतं?" मी रागानं आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचा पत्ताही लागला नाही, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या शेजारच्या गोरखची गाय व्याली. त्याच्या बायकोनं, नूतननं, रिवाजाप्रमाणे चीक अकरा घरांत वाटला. चिकाचं भांडं आमच्याकडे रिकामं परत देत नाहीत. कुणी मूठभर तांदूळ घालतं, कुणी गुळाचा खडा. माझ्याही घरी खरवस झाला. माझ्या पोरीनं, आरोहीनं, ताटली चाटून पुसून ठेवली.

दहा दिवसांनी, एका गुरुवारी, त्या गाईनं चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा, मान लांब केलेली, आवाज घोगरा. पाण्याच्या पातेल्यात तोंड घालायची पण घोट खाली जात नव्हता. वस्तीवरच्या सगळ्यांनी एकच निदान केलं, घशात बटाटा अडकला. गोरख पठारावरून बटाट्याचा चाळा, म्हणजे निवडून टाकलेले बारके बटाटे, आणून गुरांना घालायचा, त्यामुळं कुणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. मी त्या दिवशी दवाखान्यात मीटिंगला होते, मला यातलं काही माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी आले तर माझा नवरा भरत अंगठ्याला चिंधी गुंडाळून ओट्यावर बसलेला. (नाव घेते त्याचं. लिहिताना काय लाजायचं.) म्हणाला, चारा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये लागलं. मी जखम पुसली, औषध लावलं, पट्टी बांधली आणि पट्टी बांधेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवला. लक्ष कुठं असतं, साऱ्या गावाची कामं अंगावर घ्यायची आणि घरी येऊन हात कापून घ्यायचा, असं बरंच. तो खाली मान घालून ऐकत होता. तो नेहमीच तसं ऐकतो.

शुक्रवारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाईला हात लावला नाही. लांबून बघितलं, पातेलं पुढं सरकवून बघितलं आणि गोरखला विचारलं, मागं कधी कुत्रं चावलं होतं का. गोरखला आठवलं. दीड महिन्यापूर्वी एक परकं कुत्रं गोठ्यात शिरलं होतं, गाईच्या नाकाला ओरखडा काढून उसात पळालं. ओरखड्यावर हळद दाबली होती. डॉक्टर म्हणाले, गाय वेगळी बांधा, आता कुणीही तिच्या तोंडाला हात लावू नका, पोरांना तिकडं फिरकू देऊ नका. गोरखनं मान हलवली. आता लावू नका म्हणाले, त्यानं आता लावला नाही. आधी कुणी लावला होता ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं, कारण गुरुवारी तो बाजारला गेला होता.

शनिवारी गाय मेली. जेसीबीनं खोल खड्डा काढला, मीठ आणि चुना टाकून पुरली. डॉक्टरांनी त्याआधी तपासणीला नमुना काढून पुण्याला पाठवला होता. त्यांचं खातं वेगळं, आमचं खातं वेगळं. एका खात्याचा कागद दुसऱ्याकडे वरून फिरून येईपर्यंत आठवडा जातो. त्या माणसानं कागदाची वाट बघितली नाही, सोमवारी सकाळी आमच्या दवाखान्यातल्या मॅडमना सरळ फोन केला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मॅडमनी मला बोलावलं, फॉर्मचा गठ्ठा दिला. घरोघर जायचं, जनावर चावलं का, कधी, कुठं, ते लिहायचं. मी दोन दिवसांत चौसष्ट घरं केली आणि त्या दोन दिवसांत निम्मा वेळ खरवसात गेला. रेबीज हा शब्द वस्तीवर पोचला आणि खरवस खाल्लेली माणसं पोरंबाळं घेऊन दवाखान्याच्या दारात. एक म्हातारा तर म्हणाला, मी दोन वाट्या खाल्ला, मला दोन सुया द्या. मॅडमनी प्रत्येकाला समजावलं की चांगल्या उकडलेल्या दुधातून हा रोग होत नाही, कच्चं दूध कुणी प्यायलं असेल तर तेवढं सांगा. लोक ऐकायला तयार नव्हते. आरोहीनं चाटून पुसलेली ताटली माझ्याही डोक्यातून जात नव्हती, पण मॅडमचा शब्द मी धरून ठेवला आणि लोकांवर आवाज चढवून त्यांना घरी पाठवलं.

साळुबाईच्या घरी गेले तेव्हा ती उंबऱ्यात लसूण सोलत होती. मी विचारलं, "मावशी, गोरखची गाय चावली का तुमाला?"

ती हसली. "गाय चावती व्हय गं? वरचं दात तरी हायेत का तिला?"

मी "नाही" लिहिलं. तिच्या बोटांना भेगा पडलेल्या मला दिसल्या. कांदा काढणी चालू होती, वस्तीवरच्या सगळ्याच बायकांची बोटं तशी होती. मी पुढच्या घरी गेले. माझ्या स्वतःच्या घराचा रकाना मी चालता चालताच भरला. तिथं काय विचारायचं.

मंगळवारी संध्याकाळी पुण्याहून निरोप आला. गाय रेबीजनंच मेली होती.

बुधवारी सकाळी मी गोरखकडे फॉर्मवर सही घ्यायला गेले. नूतन वासराला बाटलीनं दूध पाजत होती. डोळे रडून सुजलेले. म्हणाली, "वहिनी, लई केलं ओ आमी. घशात बटाटा अडकलाय म्हणून साळूमावशीला बी आणलं. कोपरापातूर हात घातला तिनं, दोनदा. काय घावलं न्हाई."

माझ्या हातातला पेन खाली पडला. म्हणाले, "हे परवा का नाही सांगितलंस?"

"तुमी चावली का इचारलं. चावली कुठं?" मग ती म्हणाली, "आन वहिनी, त्या टायमाला—"

मी पुढचं ऐकलं नाही. तिला हातानंच गप्प केलं आणि धावत सुटले.

साळुबाईच्या दाराला कडी. तिची सून मागं गवऱ्या थापत होती. पहाटेच आंबेगाव तालुक्यातनं, सातगाव पठारावरच्या एका वाडीतनं माणूस आला होता, म्हैस अडली म्हणून. म्हातारी त्याच्या मोटरसायकलवर बसून गेली. तिथनंच खेडला बहिणीकडे जाणार, आठ दिवसांनी येणार. फोन? फोन घरात पत्र्याच्या डब्यात होता. नशीब एवढंच की त्या माणसानं रस्ता चुकू नये म्हणून सुनेला वाडीचं नाव सांगितलं होतं.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "रत्नाताई, भेगांमधून लाळ गेली म्हणजे चावल्यासारखंच धरायचं. आज सहावा दिवस आहे. लस अजून वाचवू शकते. पण एकदा त्रास सुरू झाला की जगात कुणाकडे औषध नाही. आठ दिवस थांबायचं नाही. आजच आणा, मी मोठ्या दवाखान्यात सांगून ठेवते, जखमेत टोचायचं दुसरं औषध तिथं आहे."

नवाबभाईंचा पिकअप रस्त्याला टोमॅटोचे क्रेट भरून उभा होता. ते जुन्नरचे, आमच्या भागातला माल मंचरला नेतात. मी त्यांना काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "बसा भाभी, मंचरला क्रेट उतरवतो आन तसाच वर पठारावर घालतो." मंचरला त्यांनी क्रेट अक्षरशः फेकले. व्यापारी ओरडत होता, त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

मंचरच्या पुढं घाटरस्ता लागल्यावर ते बोलले. "आमच्या चाचांना कुत्रं चावलं व्हतं. मी लहान व्हतो. दोन महिने काय न्हाई. मग एक दिवस अम्मीनं पाण्याचा गिलास दिला तर हाताला असा झटका. तहान लई, पन पाणी बघितलं की गळा आवळायचा. शेवटी नळाचा आवाज आला तरी..." वाक्य तिथंच सोडून त्यांनी गिअर बदलला. मला गोरखची गाय आठवत होती, पातेल्यात तोंड घालून उभी राहिलेली. तिच्या जागी साळुबाई दिसायला लागली. मी माझ्याच मांडीला चिमटा काढला.

वाडीत गोठा शोधावा लागला नाही, बाहेर पंधरा-वीस माणसं उभी होती. म्हैस आडवी पडलेली आणि तिच्यामागं साळुबाई मातीत पालथी, उजवा हात खांद्यापर्यंत आत. घरच्या बाईच्या मुठीत तिच्या बांगड्या. मी ओरडले, "मावशी, हात काढा बाहेर."

तिनं वळून बघितलंही नाही. "गप ऱ्हा जरा. पाय घावतोय."

"ती गाय रेबीजनं मेली. तुमच्या हाताला भेगा आहेत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

बाहेरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. म्हशीचा मालक दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला. मी काय करून बसले ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. म्हशीला यातून काही होणार नाही, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. साळुबाईलाही ते दिसलं असणार. ती खालच्या आवाजात म्हणाली, "रत्ने, चारचौघांत बोललीस. आता हे रेडकू जगलं तरी लोक म्हणतील, साळूच्या हातात इख हाय. पन्नास वर्सं हा हात चालला. सुई घेतली की बाद."

"आणि मेलीस की काय चालणार आहे?" मी तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं, त्या दिवशी केलं.

"मी पासष्टीची हाय. मला काय व्हायचं ते व्हऊ दे." तिचा खांदा हलत होता, आत बोटं काहीतरी फिरवत होती. दात ओठावर रोवलेले. "सुया कच्च्याबच्च्यांना द्याव्या. मला चावली न्हाई. तुझ्या वहीत बी लिवलंयस तू, न्हाई म्हणून."

"मी चुकीचं विचारलं," मी म्हणाले. रडायला आलं होतं, ते रागात गेलं. "चावली का विचारलं. हात घातला का ते विचारायला हवं होतं. माझी चूक आहे, तुझी नाही. त्या चुकीपायी तुला मरू देऊ का मी?"

म्हैस कण्हत होती. मग साळुबाई म्हणाली, "बरं, भरतला तरी दिली का? त्याला तर तू पयली दिली असशील."

"भरतला कशाला?"

तिचा खांदा थांबला. पहिल्यांदाच तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पोरी, तुला म्हाईत न्हाई? जबडा त्यानंच धरला व्हता. तो कुट्टीचा भारा घिऊन चालला व्हता, नूतननं हाक मारली. माझ्या आधी त्यानंच हात घातला. दाढंवर अंगठा सोलला, रगत आलं. मी म्हणलं, जा, रत्नाकडनं पट्टी बांधून घे."

पट्टी मीच बांधली होती. लाळ आणि रक्त एकत्र मी माझ्याच हातानं पुसलं होतं आणि त्याला बोलत होते. नूतन सकाळी पुढं काय सांगणार होती ते मला तेव्हा कळलं. मी गव्हाणीला धरून खाली बसले.

साळुबाईनं माझ्याकडे बघितलं, मग म्हशीकडे. "त्यो सुई घेनार न्हाई," ती म्हणाली. "ल्हानपणी गोवराची सुई द्यायला आले तर माझ्या माळ्यावर लपला व्हता. मी म्होरं बसले तरच बसंल." मग म्हशीच्या मालकाला म्हणाली, "कासरा आण. पाय धरलाय मी, तू वढ. लवकर, मला दवाखान्यात जायाचंय."

पाच मिनिटांत रेडकू बाहेर आलं. जिवंत होतं. ती त्याला पुसायला थांबली नाही. हापशावर मी तिचे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. सहा दिवसांनी धुवून काय उपयोग, हे मला माहीत होतं. माझेही हात धुतले. हापसा नवाबभाई मारत होते. बांगड्या परत घ्यायच्या तिच्या लक्षात राहिल्या नाहीत, घरची बाई मागून धावत आली.

गाडीतून मी घरी फोन लावला. "अहो, अंगठा कशानं कापला?"

"कुट्टीत."

"अहो."

मागं कांद्याच्या चाळीतला रेडिओ वाजत होता, तो त्यानं बंद केला. मग तो म्हणाला, "गाईची दाढ."

"का नाही सांगितलं?"

"तू ओरडली असतीस." पुढं म्हणाला, "मग तू घरोघर चावली का इचारत हिंडत व्हतीस. मला वाटलं, चावली न्हाई, म्हणजे झालं."

मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडायला काही सापडलं नाही. म्हणाले, "मोटरसायकल काढा आणि मोठ्या दवाखान्यात या. साळूमावशी तुमच्यासाठी थांबली आहे."

तो आला. पांढराफटक पडलेला, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. साळुबाई आधी बसली. दंडात लस दिली, मग प्रत्येक भेगेत दुसरं औषध टोचलं. बोटांच्या टोकांना मांस असतं किती. सुई आत जायची तशी तिच्या कानशिलावरची शीर फुगायची. ती भरतकडेच बघत होती. आठ झाल्या, नऊ झाल्या, तिनं हूं केलं नाही. मग उठून त्याला म्हणाली, "बस." तो बसला. डोळे मिटून माझा हात धरला आणि इतका दाबला की माझी बोटं दुसऱ्या दिवशीही दुखत होती. माझ्या हाताला कुठं जखम नव्हती, तरी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलाही सुई टोचल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनी तिघांना तारखा लिहून दिल्या, एकही चुकवायची नाही असं बजावलं. वाचतील ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही, बहुतेक काही होणार नाही. त्या बहुतेकावर मी पुढचे दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी मी चौसष्ट घरं परत केली. छापील प्रश्नाखाली पेनानं एक ओळ लिहिली होती, जनावराच्या तोंडात हात घातला का, लाळ कुठं लागली का. सुरुवात माझ्या घरापासून केली. भरत समोर उभा राहिला आणि हो म्हणाला, मी लिहून घेतलं. त्या एका ओळीनं आणखी तिघं सापडले. एकानं गाईची जीभ धरली होती, दोघांनी तिला तेल पाजलं होतं. तिघांनीही आधी नाही म्हणून सांगितलं होतं आणि खोटं कुणीच बोललं नव्हतं. मॅडमनी ती ओळ आमच्या दवाखान्याच्या सगळ्या आशांना दिली. पुढच्या आठवड्यात कुत्र्यांना लस टोचायला माणसं आली तेव्हा जनावरांचे डॉक्टर आणि मॅडम एकाच गाडीतून उतरले. लोकांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं.

साळुबाईला मात्र कुणी बोलवेना. म्हशीच्या मालकानं सांगितलं असेल, की आमच्याच वस्तीनं, कोण जाणे. मोटरसायकल येईना. वस्तीवरच एकाची गाय अडली तेव्हा त्यानं तिच्या दारावरून जाऊन आळेफाट्याचा डॉक्टर आणला. ती उंबऱ्यात बसलेली होती, त्यानं मान खाली घातली.

आणि रोज सकाळी ती माझ्या दारात यायची. "रत्ने, पाणी दे." तांब्या वर धरून, तोंड न लावता, एका दमात घटाघटा प्यायची. रिकामा तांब्या पालथा करून दाखवायची. "गेलं. आता त्याला पाज." मग भरत प्यायचा आणि मी त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. कुणी कुणाला का म्हणून विचारलं नाही. मला वाटायचं, बाई माझी भीती घालवायला येते. इतकी धीराची बाई मी बघितली नव्हती.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचा डोस झाला. मी तिला म्हणाले, मावशी, झालं सगळं, आता रोज यायची गरज नाही. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मीच सांगितलं होतं येऊ नको म्हणून, तरी आठ वाजले तसं मला राहवेना. मी तिच्या घरी गेले. सून रानात गेलेली. साळुबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पुढ्यात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. ती त्याच्याकडे नुसती बघत होती. ओठ कोरडे.

मी उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "मावशी, घोट जात न्हाई का?"

"घेतलाच न्हाई," ती म्हणाली. उजवा हात तिनं मांडीखाली दाबून धरला होता, तोच हात. "रोज तुझ्याकडं प्यायला येत व्हते, ते तुला दावायला नव्हं गं. एकटीला प्यायचं भ्या वाटायचं. नाय गेलं खाली तर? तिथं तू असायचीस. आज पहाटंपास्नं बसलेय."

मी तिच्याजवळ खाली बसले. तांब्या उचलून तिच्या हातात दिला आणि तो हात माझ्या दोन्ही हातांनी धरला. तिनं डोळे मिटले. पहिला घोट गेला. दुसरा गेला. मी मोजत होते. सातव्या घोटाला ठसका लागला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत तशाच थांबलो. मग ती परत प्यायली.

अर्धा झाल्यावर तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. "तुझं बी तोंड सुकलंय," म्हणाली. "पी."

मी प्यायले.